क गावातला नऊ नंबर

सोमवार, ६ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होतं. म्हणून नवऱ्याने, स्वप्निलने, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून ही डायरी आणून दिली. बिजागऱ्यांच्या कंपनीची आहे, दर पानाच्या तळाशी एक बिजागरी छापलेली. म्हटलं ठीक आहे, लिहीन, पण कामाचंच लिहीन. जूनमध्ये जे झालं त्याचं अक्षर या वहीत येणार नाही. मुलगी झाली, रडली नाही, संपलं. लिहिलं ना? आता पुन्हा नाही.

तर काम. आज मेघाचा फोन. शाळेत एका बाकावर बसायचो, आता ती डॉक्टर आहे आणि खेड्यांतल्या तान्ह्या मुलांच्या वजनावर अभ्यास करतेय. तीन गावं, प्रत्येकी तेराच्या आसपास मुलं, जुलै ते डिसेंबर दर महिन्याला वजन. तिचा लेख ज्या मासिकात येणार ते नुसत्या काळ्या शाईत छापतं, आणि बाईसाहेबांनी आकृती पाठवली लाल, हिरवी, पिवळी. अर्थातच परत आली.

"यार रक्षा, तुझ्याशिवाय कोन करीन? सहा महिने, तीन गावं, अठरा डबे होतात. ग्रेमध्ये बसवून दे नं." मग जरा थांबून, "तान्ह्या लेकरांचं आहे. चालीन नं तुले?"

नऊ वर्षं मी घरबसल्या लोकांच्या प्रबंधांच्या आकृत्या काढतेय. कापसावरची बोंडअळी काढली, किडनी काढली, विहिरींची पातळी काढली. म्हटलं, "मेघा, हे आकडे आहेत, मुलं थोडीच आहेत?"

हो म्हणून टाकलं.

बुधवार, ८ जानेवारी

राखाडी म्हणजे काहीच नाही असं लोकांना वाटतं. या बसा माझ्या खुर्चीत. तीन गावांना तीन छटा द्यायच्या, त्या कागदावर एकमेकींपासून वेगळ्या दिसायला हव्यात, आणि एका गावाची एका महिन्याची वजनं म्हणजे एक पेटी, तिच्यावर प्रत्येक मुलाचा ठिपकाही दिसला पाहिजे, कारण मुलं थोडी असली की मासिकवाले नुसत्या पेट्या घेत नाहीत. अ गाव जवळजवळ पांढरं, ब मधलं, क गडद. पहिल्या खेपेला तिन्ही गावांचे ठिपके मधल्याच पेटीवर गर्दी करून उभे राहिले, जशी एकाच दारात सगळी वऱ्हाडी मंडळी. ते आपापल्या पेटीवर बसवायला तास गेला.

मग क गावाची रेघच दिसेना. गडद पेटीत काळी रेघ, दिसणार कशी? ती पांढरी केली. ठिपकेही पोटात पांढरे, कडेने काळे. छान उठून दिसायला लागले.

सासूबाई भाजी निवडत मागे बसल्या होत्या. विचारलं, "हे डबे कायचे वो?"

सांगितलं. पेटीत मधली निम्मी मुलं. आतली जाड रेघ म्हणजे बरोबर मधलं मूल, अर्धी त्याच्याहून जड, अर्धी हलकी. पेटीच्या वरखाली या मिशा, म्हणजे बाकीची. आणि कुणी मिशांच्याही पार बाहेर गेलं तर त्याचा एकटा ठिपका.

त्यांनी जुलैच्या गडद पेटीखालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मंग या एकट्याले कोनी आतमध्ये घेत नाई का?"

तो ठिपका एकटा नव्हता खरं तर, दोन होते, जुळ्यासारखे शेजारी शेजारी. ती नेहमीची चूक. बाहेरचा ठिपका पेटीही काढते आणि आपण वरून काढलेले ठिपकेही काढतात, एका मुलाची दोन होतात. पेटीला सांगावं लागतं, बाई, तू तुझा काढू नको. सांगितलं. एक गेला, एक राहिला.

गुरुवार, ९ जानेवारी

झेरॉक्सची परीक्षा आज. माझी पद्धत आहे: आर्वी नाक्यावर जायचं, आकृतीची कॉपी काढायची, कॉपीची कॉपी, आणि तिचीही कॉपी. तिसऱ्या कॉपीत जे टिकतं ते छापखान्यात टिकतं.

छटा टिकल्या. रेघा टिकल्या. ठिपके मात्र विरून गेले, बारीक आहेत, मोठे करावे लागतील. फक्त पाच राहिले. पाचही गडद पेट्यांतले, क गावचे, ऑगस्ट ते डिसेंबर महिन्याला एक. पाचही बरोबर मधल्या पांढऱ्या रेघेवर, दोऱ्याला गाठ मारावी तसे.

रेघ त्यांच्या पोटातून जाते, पांढऱ्यात पांढरं मिसळतं, म्हणून टिकले. एवढंच. झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम, हे पाच डोळे कोनाचे?" मी म्हटलं, "तुझं लक्ष मशीनवर ठेव."

शनिवार, ११ जानेवारी

आज ठिपक्यांवर मुलांचे नंबर टाकून पाहिले. उगाचच. मोठे करायचेच होते, म्हटलं एकदा तपासून घेऊ.

तेरा मुलं असली की रेघेवर कुणीतरी असणारच, वजनात सातवं येणारं. त्यात नवल नाही. पण अ गावात दर महिन्याला वेगळं मूल रेघेवर येतं, कधी चार नंबर, कधी अकरा. ब गावातही तेच. एखाद्याला जुलाब होतात, एखादं मामाच्या गावाहून गुटगुटीत होऊन येतं, पुढेमागे होतात मुलं. क गावात पाच महिने रेघेवर एकच जण. नऊ नंबर.

आणि जुलैतला तो बाहेरचा एकटा, दोन किलो नऊशेचा? तोही नऊ नंबर. जुलैत दोन नऊशे, ऑगस्टमध्ये पाच सहाशे. मूल आहे की भिजत घातलेले चणे?

मेघाची मूळ शीट काढली. एक रकाना वजन केल्याच्या वेळेचा आहे, तो आकृतीत लागत नाही म्हणून पाहिलाच नव्हता. नऊ नंबरचं वजन दर वेळी सगळ्यांत आधी. नऊ वाजून पाच मिनिटं. बाकीची साडेनवापासून पुढे.

हे मला कळत नाहीये. कुणी घरी बसून आकडा ठोकला असेल तर मधला आकडा काढायला आधी बाकीच्या बारांची वजनं हातात लागतात. जी मुलं अजून घरातून निघालीच नाहीत, त्यांच्या मधलं मूल आधी कसं लिहिणार?

वेळ खोटी लिहिली असेल. पण खोटं लिहिणारा माणूस वेळ कशाला खोटी लिहील, ती कोण बघतं?

सोमवार, १३ जानेवारी

क गावच्या अंगणवाडी सेविका आनंदाबाई. शीटवर नंबर होता, लावला. मेघाला अजून बोलले नाही. सांगितलं की क गाव सगळंच अभ्यासातून जाईल आणि त्या बाईची चौकशी लागेल, हे मला कळतं. आधी स्वतः विचारावं म्हटलं.

"नऊ नंबरचं बाळ कसं आहे हो?" मी विचारलं.

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग, "कोन विचारून राह्यलं?"

"मी रक्षा. मेघा डॉक्टरांच्या आकृत्या काढते."

"अंकित तं गेला नं वो बाई. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. ताप भरला, रातभरात गेला."

इतकं सरळ. मी तयारी करून बसले होते की बाई घाबरेल, सारवासारव करेल.

"मग पुढची वजनं?"

"काटा दाखवते ते लिवतो मी. एक ग्राम इकडचं तिकडं नाई करत. बावीस वर्सं झाले मले."

"अहो पण मूलच नाही तर काट्यावर काय ठेवता?"

"शुक्रवारी या तुमी," त्या म्हणाल्या. "वजनाचा दिवस हाय. नवाच्या आत येजा, त्याचं पयले असते."

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या रुख्माबाईंच्या नातवाचं बोरन्हाण. बोलावणं होतं, गेले नाही. खिडकीतून दिसत होतं, काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे. मी क गावाची छटा दोन टक्के हलकी केली, मग पुन्हा गडद केली.

संध्याकाळी सासूबाईंनी त्यांची कपड्यांची पेटी उघडली. मला माहीत आहे काय आहे त्यात. त्यांनी मे महिन्यातच काळं झबलं शिवून ठेवलं होतं, पहिल्या संक्रांतीचं, अधू डोळ्यांनी, हाताने. नावही ठरवलं होतं, मोहिनी. मी हसले होते, आजकाल कोणी ठेवतं का असं नाव. आणि जूनमध्ये दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्हीच आधी शिवून ठेवलंत म्हणून असं झालं. म्हटलं मी. मी आजवर माफी मागितली नाही. मला लाज वाटते.

कामाचंच लिहायचं ठरलं होतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर वाचताना मलाच मी वेडी वाटणार नाही.

सकाळी स्कूटीवर निघाले. डिकीत स्वप्निलच्या दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन, ज्यावर तो खिळे तोलतो. काटाच बिघडलेला असणार अशी माझी खात्री होती. केळझरला टेकडीवरच्या गणपतीला खालूनच हात जोडले, तिथून पुढे चार किलोमीटर. गावाचं नाव लिहीत नाही, अभ्यासात गावांची नावं गुप्त ठेवायची असतात.

अंगणवाडीची एकच खोली. छताच्या कडीला लटकता काटा, मोठ्या घड्याळासारखा गोल, खाली निळ्या कापडाची झोळी. आनंदाबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने बांधलेला. त्यांनी चहा दिला. मी आल्याआल्या वजन काढलं, तर रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "लावा, लावा. पाहून घ्या."

रिकाम्या झोळीवर काटा शून्य. वजन ठेवलं, बरोबर दोन किलो. काढलं, शून्य. तीनदा केलं. पंखा बंद होता, लाइटच नव्हती. दार लोटून घेतलं मी, वारा नको म्हणून.

मग काजल आली. अंकितची आई. एकवीस-बावीसची, अंगात पिवळं स्वेटर, केस चापून विंचरलेले. "जयभीम ताई," म्हणाली. मीही म्हटलं. तिने पदराखालून एक झबलं काढलं. धुऊन धुऊन विटलेलं, पुढे एक फुलपाखरू. घरी तोललं तर पन्नास ग्रॅम भरणार नाही.

तिने ते झोळीत ठेवलं. दोन्ही हातांनी, आधी खालची बाजू, मग वरची. आणि हात काढून घेतले. मी पाहत होते. आनंदाबाई दोन पावलं मागे होत्या, हात कमरेवर.

आधी काही नाही. मग झोळी बसली. दुसरा शब्द मला सुचत नाही. कापड ताणलं गेलं, बुडाशी गोल झालं, आणि काटा हळूहळू सरकत गेला, पाच, सहा, सात. साडेसातवर थांबला. थांबला म्हणजे थरथरत होता, पोरं हातपाय झाडतात तेव्हा थरथरतो तसा. आनंदाबाई तो निवांत होईपर्यंत थांबल्या, चष्मा नीट केला, आणि म्हणाल्या, "सात पाचशे."

"तीनशे वाढला, मावशी," काजल म्हणाली. हसली. मग तिने झबलं बाहेर काढलं. एक हात खाली, एक हात मानेच्या मागे.

घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं.

साडेनवापासून बाकीची आली. रडणं, शी-शू, आया, आज्या, कुणाचं टोपडं हरवलं, कुणी काट्यालाच लाथ मारली. मी वहीत बाराही वजनं उतरून घेतली आणि तिथेच ओट्यावर बसून क्रमाने लावली. सहावं सात चारशे. सातवं सात सहाशे. त्यांच्या बरोबर मध्ये सात पाचशे. मी पुन्हा लावली. तेच.

सगळे गेल्यावर आनंदाबाईंना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भेव कायचं? लेकरूच तं हाय," त्या झोळी घडी करत म्हणाल्या. "ऑगस्टात वजनाच्या दिवशी ती झबलं घेऊन येऊन उभी राह्यली. म्हने मावशी, एकडाव तोल. मी म्हनलं, माय हाय, तेवढ्यानं काय बिघडते. शून्य दाखवन अन् घरी जाईन. तं हे असं. आता तुमीच सांगा, काटा बोलते तं मी शून्य कसं लिवू? जिता होता तवा सगळ्याईत हलका होता पोट्टा. पानी प्यालं तरी उलटी. आता पाहा, ना कमी ना जास्ती."

"डॉक्टरांना कळलं तर तुमची नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पन त्याले काढू नका. ती महिनाभर याच दिवसासाठी जेवते."

मी स्कूटीपाशी गेले. त्या मागून आल्या. "तुमचं केवढं हाय?"

मी काही सांगितलं नव्हतं. मेघानेही नाही, ती असलं बोलत नाही.

"मला नाही," मी म्हटलं.

त्यांनी स्कूटीच्या हँडलवर हात ठेवला. "कवाचं?"

"जूनचं," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

"घेऊन या कवा," त्या म्हणाल्या, जशी शेजारीण म्हणते.

शनिवार, १८ जानेवारी

स्प्रिंग. जुन्या स्प्रिंगा अशा करतात. थंडीत धातू आखडतो. स्वप्निलला विचारलं, रिकामा काटा आपोआप साडेसात किलो दाखवू शकतो का? तो म्हणाला, "दोन किलो बरोबर दाखवत असन तं नाई." मग विचारलं, काऊन? मी म्हटलं, काही नाही.

जूनपासून आम्ही असंच बोलतो. काऊन, काही नाही.

सोमवार, २० जानेवारी

मेघाकडे गेले, सगळं सांगितलं. काट्याचं सोडून. मूल ऑगस्टमध्ये गेलं आणि वजनं पुढेही लिहिली गेली, एवढंच. ते खरंच आहे.

ती म्हणाली, "मंग क गावच काढावं लागन, रक्षा. एक खोटं असन तं बाकीच्यावर भरोसा कसा ठेवू? अन् वर कळवावं लागन. बावीस वर्षांची नोकरी आहे त्या बाईची, माहीत आहे मले. पन मी काय करू?"

मी पिशवीतून कागद काढले. घरून दोन आकृत्या करून नेल्या होत्या, एक नऊ नंबरसह, एक त्याच्याशिवाय. म्हटलं, बाकीच्या बारांची वजनं मी स्वतः शुक्रवारी डोळ्यांनी पाहिलीत, ती बाई सुईइतकंही खोटं लिहीत नाही. आणि हे बघ.

ऑगस्टनंतर नऊ नंबर काढला की क गावात बारा मुलं उरतात. बारांना मधलं मूल नसतं. रेघ सहाव्या आणि सातव्याच्या बरोबर मध्ये पडते, जिथे कुणीच नाही. मेघाने एक आकृती दुसरीवर ठेवून खिडकीच्या काचेला लावली, उजेडात. पेट्यांच्या कडा जराशा हलल्या होत्या, दोन मिशा आखूड झाल्या होत्या. रेघा हलल्या नव्हत्या. पाचही महिने, केसभरही नाही. फक्त त्यांच्यावरची गाठ गेली होती.

"असं कसं?" मेघा म्हणाली. "पाचही वेळा? बरोब्बर?"

"योगायोग," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही.

ती कागद धरून उभी होती. मग खुर्चीत बसली आणि आकृतीखालची टीप स्वतः लिहिली: क गावातील एक मूल ऑगस्ट महिन्यात दगावले, त्यानंतरची वजने धरलेली नाहीत. आनंदाबाईंचं वर कळवणार नाही म्हणाली. पुढच्या शीटमध्ये मात्र नऊ नंबर दिसायला नको.

येताना आनंदाबाईंना फोन केला. नोकरीला धक्का नाही, पण त्याला कागदावर लिहू नका.

"कागदाचं काय करायचं?" त्या म्हणाल्या. "काट्यावर तं येऊ द्यान नं?"

मी हो म्हटलं. मी कोण हो म्हणणारी?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

छापील पानाचा नमुना आला. सुंदर आलीय आकृती, माझीच पाठ थोपटून घ्यावी अशी. पण गडद पेट्यांत पाच ठिकाणी, रेघेच्या मधोमध, मला पुसट गोल दिसतो. मेघाला दिसत नाही. सासूबाईंना दाखवलं, त्यांच्या त्या डोळ्यांना काय दिसणार, तरी बोट फिरवत गेल्या आणि म्हणाल्या, "या एकट्याले घेतलं वाटते आतमध्ये." बोट बरोबर ऑगस्टवर होतं.

आज रथसप्तमी. त्यांनीच विषय काढला, मला न बघता. "संक्रांत सरली. ते काळं झबलं कोनाले देऊन टाकू का?"

"नको," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "आई, मी त्या दिवशी जे बोलले ते चुकलं माझं. तुमच्या शिवण्याने काही झालं नाही."

त्या रडल्या. मीही रडले. डाळ करपली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या तिसरा शुक्रवार, वजनाचा. काटा पुन्हा एकदा तपासायला जातेय, दुसरं काही नाही. वजन डिकीत ठेवलं. सासूबाईंनी न विचारता झबलं इस्त्री करून माझ्या ओढणीजवळ ठेवलंय. ते मी पिशवीत घातलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काटा तपासला. बरोबर आहे.

काजलचं आधी झालं. सात सातशे. मी तिच्याबरोबर हसले. तिने झबलं पदरात घेतलं आणि गेली नाही, दाराशी थांबली, एखादी बाई दुसरीचं होईपर्यंत थांबते तशी.

मी पिशवीतून काळं झबलं काढलं. आनंदाबाईंनी झोळी धरली आणि विचारलं, "नाव सांगा. नावाबिगर मी तोलत नाई."

आम्ही नाव ठेवलंच नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर नुसतं माझं नाव आहे, आणि पुढे मुलगी.

"मोहिनी," मी म्हटलं.

"ठेवा. मान संभाळून."

ठेवलं. हात काढून घेतले. काटा शून्यावर. मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार. बाहेर कुणाची तरी बकरी ओरडली. पाच, सहा. मला वाटलं, झालं, बरंच झालं, आता घरी जायचं आणि आयुष्यभर शहाण्यासारखं राहायचं. आणि झोळी बसली.

मी काट्याकडे पाहिलंच नाही. मी झोळीकडे पाहत होते, एका बाजूला कापडाला आतून काहीतरी टोचत होतं, टाचेएवढं. आनंदाबाई म्हणाल्या, "सात शंभर." काजल म्हणाली, "पोरगी हाय नं, बारीकच राह्यते."

काढताना एक हात खाली घातला, एक मानेच्या मागे. मला कुणी शिकवलं नव्हतं.

परत येताना दुकानात थांबले, वजन द्यायला. स्वप्निल एका गिऱ्हाइकाला दोन इंची खिळे तोलून देत होता. वजन घेतलं, जागेवर ठेवलं. गिऱ्हाईक गेलं तरी मान वर केली नाही, पुडीचा दोरा गुंडाळत राहिला. आईने त्याला सांगितलं असणार, घरात काही लपत नाही.

"किती भरली?" त्याने विचारलं.

"सात शंभर."

त्याने बोटांवर महिने मोजले. आठ. आम्ही दोघं मिळून पहिल्यांदाच मोजले.

पुढचा तिसरा शुक्रवार २१ मार्च, बिजागरीच्या वर लिहून ठेवलाय. दुकान बंद ठेवून तोही येणार म्हणाला. जेवताना ताटावर मधेच थांबला आणि आईला म्हणाला, "थोडी बारीक हाय. पन भरून येईन."